मसाल्याच्या डब्यातला लेझर

गजालींचं, म्हणजे गावच्या गप्पागोष्टींचं, एक वाईट असतं. वेळच्या वेळी सांगून मोकळं झालं नाही तर त्या साठतात, एकमेकींत अडकतात, आणि मग एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. आमच्या लेझर मशीनचं तसंच झालंय. कुणी नुसतं विचारलं, "गो, ता तुमचा मशीन चलता काय अजून?" की माझी एसटी चुकते. आज कुठे जायचं नाही, म्हणून बसा.

दोन हजार आठ सालची गोष्ट. तोंडवलीत दत्तूचं टीव्ही, टेप, मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. मी कणकवलीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि रविवारी दत्तूच्या दुकानात जाऊन त्याच्याशी भांडायचे. त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की डीव्हीडी रायटरच्या आतला लेझर काढला तर त्याने लाकडावर, रंगावर अक्षरं जाळता येतात. झालं! त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. तिसरा बाबी मेस्त, होड्या बांधणारा सुतार. चौथे अण्णा.

अण्णांनी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. छिन्नी, हातोडी आणि मांडीवर भांडं. आधी पेन्सिलीने लिहून घेणं वगैरे भानगड नाही, थेट ठोकायला सुरुवात. पंचक्रोशीत असं घर नव्हतं की जिथे अण्णांचं अक्षर नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. भांड्यांच्या दुकानदाराने गोड बोलून त्यांना घरी बसवलं आणि करंटवर चालणारं पेन आणलं. त्या पेनाने घातलेलं नाव वाचायला मालकालाच विचारावं लागतं, ते सोडा!

अडचण अशी की अण्णांनी खालच्या वाडीच्या मंडळाला शब्द दिला होता. मंडळाची जुनी जेवणावळीची भांडी कुठे कुठे गेली होती, म्हणून देवळातल्या भजनाच्या सप्ताहासाठी नवी घेतली होती. बारा पितळी पराती आणि नऊ टोपांची झाकणं. "सप्त्याच्या आधी नावां घालून देतंय," असं अण्णा जुन्या सवयीने बोलून बसले होते. हात तर चहाचा कप धरू देत नव्हता. ते बाजारात यायचे बंद झाले, कुणी हाक मारली तर आतून "झोपलंय" म्हणायचे. मला ते बघवेना. म्हटलं, दत्त्या, तुझ्या त्या खुळाचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे!

*

मशीनचा सांगाडा करायचं काम बाबी मेस्ताला दिलं. दत्तूने कागदावर नीट मापं काढून दिली. दोन जुन्या सीडी ड्राइव्हमधल्या सरकपट्ट्या आणि त्यांच्या छोट्या मोटर बसतील एवढाच सांगाडा. एक पट्टी लेझर आडवा सरकवणार, दुसरी उभा. चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटर जागेत काम.

बाबीने कागद उलटसुलट बघितला. "इतक्या बारक्या वस्तूक मेस्त कित्याक होयो?" म्हणाला आणि निघून गेला.

बारा दिवसांनी तो हातगाडी घेऊन आला. वर फणसाच्या लाकडाचा सांगाडा. त्यात एक माणूस पाय दुमडून आरामात झोपला असता. सगळे सांधे घट्ट, आणि प्रत्येक सांध्यात होडीच्या फटीत भरतात तसा कापूस कोंबून वरून मुशी माशाचं तेल चोपडलेलं.

दत्तू आपला मापांचा कागद शोधायला लागला. मीच विचारलं, "बाबी, ह्या तेल कित्याक?"

"पाणी आत येवचा नाय."

"अरे, पण हे टेबलावर ठेवायचंय!"

बाबीने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आणि टेबल खंय असा? दर्याच्या कडेकच मां!"

तोच सांगाडा घेऊन आम्ही कामाला लागलो. पुढे लेझर मिळाल्यावर तो पहिल्यांदा लाकडाला लागला, मुशीचं तेल जळलं आणि दहा मिनिटांत वाडीतली झाडून सगळी मांजरं दुकानाच्या दारात बसली. गिऱ्हाईक आत येईना. दत्तू एक महिना मांजरं हाकत होता.

*

लेझरसाठी बिघडलेले डीव्हीडी रायटर हवे होते. मी कणकवलीला ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, चालू देतो की. स्वस्तात देतो."

"चालू नकोत. बिघडलेले द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं, आतल्या माणसाला बोलावलं, म्हणाला, "ह्या कॉम्प्युटर शिकवतात!"

पाच मिळाले. त्यांतले चार लेझर दत्तूने मारले. त्याला जरा जास्त करंट लागला की संपलं, आवाज नाही, धूर नाही. दत्तू नुसता म्हणायचा, "गेलो." बाबी डोक्यावरची टोपी काढायचा. चौथ्या वेळी तर रस्त्याने जाणारा एक माणूस दारात थांबला आणि कोण गेलं म्हणून विचारून गेला.

पाचवा पेटला. भिंतीवर लाल ठिपका पडला. आम्ही सगळे काळे चष्मे लावून बसलेलो, त्यातला माझा चष्मा अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा. मला रडूच यायचं बाकी होतं. बाबी म्हणाला, "एवढोच? माझ्या बॅटरीचो ह्येच्यापेक्षा मोठो पडता."

दत्तू चिडला. त्याने काडेपेटीतली एक काडी ठिपक्यासमोर धरली. गूल काळं होतं, फर्रकन पेटलं. बाबीने शांतपणे तीच काडी घेऊन बिडी पेटवली, एक झुरका मारला आणि म्हणाला, "आता जमला. पेटी वाचली."

"काडी गेली ना?" मी म्हटलं.

"काडी गेली. पेटी वाचली."

*

मशीन चालायच्या आधीच दत्तूने बोर्ड लावला. मी नको म्हणत होते. पण त्याला कुठला धीर! पांढऱ्यावर लाल अक्षरात एवढंच: 'लेझर. चौकशी आत करावी.'

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतली सरूआक्का आली. पंचाहत्तरीची बाई. टेबलासमोरच्या स्टुलावर बसली, चष्मा काढून पदरात ठेवला आणि हनुवटी सरळ त्या सांगाड्यावर टेकली.

"कर सुरू," म्हणाली.

"आक्का, काय करू?"

"मुंबयक माझ्या भाच्याचो चष्म्याचो नंबर लेझरान घालवलो. माका फसवू नको. उजव्या डोळ्यापासून घे."

दत्तूने परोपरीने सांगितलं. हा डोळ्यांचा लेझर नव्हे, ह्याने डोळे जातील. आक्का ऐकेना. "मेल्या, पैशेवाल्यांचे करतलंस आणि माझे नाय?" असं म्हणून ती दीड तास तिथेच बसली. तिला घाबरून दत्तूने मशीनची वायरच काढून ठेवली होती.

शेवटी काहीतरी करायचं म्हणून त्याने तिचा चष्मा घेतला. काचांवर बोटभर मळ, तेल आणि चुलीचा धूर! त्याने तो टेप रेकॉर्डरचं हेड पुसायच्या स्पिरिटने पुसला आणि तिच्या नाकावर ठेवला.

आक्काने समोर बघितलं. वर बघितलं. मग दत्तूकडे बघून म्हणाली, "शिरा पडली तुझ्या तोंडार, किती काळो असंस रे तू!"

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर अकरा माणसं होती, सगळी चष्मेवाली. दत्तूने बोर्ड उतरवला, पण त्याआधी सगळ्यांचे चष्मे पुसले.

*

इकडे सप्ता जवळ येत होता आणि मशीन मोठंच्या मोठं. परात सांगाड्यात शिरत होती, पण लेझर परातीपर्यंत पोचत नव्हता. दत्तू परातीखाली विटा लावत होता, बाबी विटांना पाचर मारत होता, मी दोघांवर ओरडत होते. इतक्यात अण्णा आले. स्वतःहून! पुष्कळ दिवसांनी घराबाहेर पडले होते. थरथरता हात बंडीच्या खिशात.

थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भांडा मशीनात घालूचा नसता. मशीन भांड्यार ठेवूचा असता."

दत्तूने हातातली वीट खाली ठेवली.

"चाळीस वर्सा मी काय परात उचलून छिन्नीर मारी होतंय?"

दत्तूने कपाळावर हात मारला. बाबी तडक उठला आणि अर्ध्या तासाने घरातून बायकोचा मसाल्याचा गोल डबा घेऊन आला. आतल्या वाट्या काढल्या, बुडाला चौकोनी खिडकी पाडली, आत दोन सरकपट्ट्या आणि लेझर बसवला. परात पालथी घालायची, बुडावर डबा ठेवायचा, वायर माझ्या क्लासने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या भोकात. चार महिने आम्ही डोकं फोडत होतो तो सांगाडा अण्णांनी एका वाक्यात निकालात काढला. (सांगाड्यात आता बाबीच्या कोंबड्या राहतात. पाणी आत येत नाही.)

बाबीची बायको तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मशीनला मात्र कायमचा हळदीचा वास राहिला.

*

लेझर पितळ कापत नाही हे आम्हाला आधीच कळलं होतं. त्याच्यात तेवढा जीवच नाही. मग दत्तूने युक्ती काढली. परातीवर काळा रंग मारायचा, लेझरने अक्षरांपुरता रंग जाळायचा आणि उघड्या पडलेल्या पितळेवर सर्किट बोर्डाचं तांबं खाणारं औषध लावायचं. अर्ध्या तासात अक्षर खोदलं जातं. युक्ती खरंच चांगली होती, मी तोंडावर कबूल केलं नाही एवढंच.

पण एका अक्षराला दहा मिनिटं! आणि दुपारी लोडशेडिंग. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि परत आली की मशीन आधीचं सगळं विसरून जिथे असेल तिथून पहिल्यापासून सुरुवात करणार. म्हणजे नावावर नाव!

पहिली चाचणी म्हणून गुरुजींनी आपलं तांब्याचं ताम्हन दिलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर, त्यांचं नाव पुरुषोत्तम. दत्तूने घड्याळाकडे बघितलं.

"गुरुजी, लाइट जावक चाळीस मिनटां असत. नाव मोठा असा."

"मग?"

"घरात तुमका काय म्हणतत?"

गुरुजी जरा घुटमळले. ज्या माणसाने तीन पिढ्यांना छड्या मारल्या तो हळूच म्हणाला, "बाबू."

ते ताम्हन अजून त्यांच्या देवघरात आहे. गुरुजींच्या घरच्या काकी रोज पूजेला बसल्या की आधी हसून घेतात आणि मग घंटी वाजवतात.

*

आता मुख्य गोष्ट. अक्षर कोणाचं घालायचं? कॉम्प्युटरमधलं छापील अक्षर मी अण्णांना दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरा असा. एसटीच्या पाटयेसारख्या." बस्स, एवढंच. पण त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. पराती निघणार होत्या, शब्द पाळला जाणार होता, आणि त्यात अण्णा कुठेच नसणार होते.

मग ठरवलं, अण्णांचीच जुनी अक्षरं गोळा करायची. मी आणि दत्तू कागद-पेन्सिल घेऊन खालच्या वाडीत घरोघर निघालो. भांड्यावरच्या नावावर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची, अक्षर उमटतं. ते कणकवलीला नेऊन स्कॅन करायचं. सरळ साधं काम!

आम्ही दारात गेलो आणि म्हटलं, "भांडी दाखवा." बायकांचे चेहरे पांढरे! एका घरात टोप घाईघाईने विहिरीत सोडला. एका घरात परातीवर म्हातारीला बसवलं. शेवटी सुमनवहिनींच्या परसात कोंबडीच्या पिल्लांवर पालथं घातलेलं एक मोठं झाकण दिसलं. मी कागद ठेवून पेन्सिल घासली. आधी वरची ओळ आली: 'खालची वाडी मंडळ'. मग खालची ओळ आली: 'सौ. सुमन हिचे'.

दोन्ही अण्णांच्याच हातची. सुरेख!

चार दिवसांत मंडळाची हरवलेली चौदा भांडी सापडली. सगळ्यांवर दोन दोन नावं. मंडळाचे अध्यक्ष तातू. त्यांनी देवळात मीटिंग बोलावली आणि उभं राहून म्हणाले, "जुनी भांडी गावली. नवी दुकानात परत करूया. नावां घालूची कायेक गरज नाय."

मी अण्णांकडे बघितलं. ते खांबाला टेकून बसले होते, खाली मान घालून. आम्हीच शहाणपणा करून त्यांचं शेवटचं काम बुडवलं होतं. मला दत्तूचा राग आला, माझा स्वतःचा आला, त्या पेन्सिलीचासुद्धा आला.

इतक्यात मागून कोणीतरी ओरडलं, "पण तातू, सप्त्याचो भात 'सौ. सुमन हिचे' म्हणान लिवलेल्या भांड्यात शिजवतलास?"

सुमनवहिनी ताडकन उठल्या. "कित्याक? माझा नाव काय बाटलला असा?"

मग जी जुंपली! चौदा घरं, चौदा नावं. शेवटी तातूंनी टेबलावर हात आपटला. "पयला माका सांगा, मंडळाच्या भांड्यार ही दुसरी नावां घातली कोणी?"

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या.

अण्णा म्हणाले, "मी. माका भांडा हाडून दिला, नाव सांगितला, मी घातलंय. भांडा कोणाचा ता बघूचा काम माझा नाय."

"वरती मंडळाचा नाव दिसला नाय?"

"दिसला तर! मीच घातललंय. म्हणान तर खाली जागा सोडून बरोबर मधोमध घातलंय. अक्षर बघा कसा असा!"

तातू नाइलाजाने खाली बसले. जुनी भांडी ज्याच्या नावाची त्याच्याकडे राहू देत आणि नव्यांवर नाव घालावं, असं ठरलं. तातूंनी बोट दाखवून बजावलं, "ह्या टायमाक मात्र दुसरा नाव कोणाचा घालूचा नाय, अण्णा!"

"आता हात खंय चलता माझो, घालूचा म्हटला तरी," अण्णा म्हणाले.

सुमनवहिनींनीच उठून त्यांना पाणी दिलं.

*

सप्त्याच्या आदल्या आठवड्यात पहिली परात लागली. अण्णा स्टुलावर बसले. डबा परातीवर ठेवला, बाबीने बिडी विझवली, दत्तूने बटण दाबलं. लाइट गेली नाही. ठिपका हळूहळू चालत गेला, काळा रंग जळत गेला. मग दत्तूने औषध लावलं, अर्ध्या तासाने धुतलं, रंग पुसला, आणि परात उजेडात धरली.

'खालची वाडी मंडळ'. अण्णांचं अक्षर. हात धड होता तेव्हाचं, तसंच्या तसं. माझे डोळे भरून आले, आणि बाबीसुद्धा नाक पुसत होता.

अण्णांनी परात मांडीवर घेतली. डाव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरवत शेवटपर्यंत नेलं आणि थांबले.

"ठिपको खंय?"

"कसला ठिपका?" मी विचारलं.

"नाव संपला काय शेवटाक मी एक ठिपको मारी होतंय. सगळ्या भांड्यार असा. तुका दिसलो नाय?"

दिसला होता. प्रत्येक कागदावर दिसला होता. मला वाटलं, भांड्याला पोचा आलाय. एका रविवारी बसून मी ते सगळे ठिपके कॉम्प्युटरमध्ये एकेक करून पुसले होते, आणि वर दत्तूला माझं काम किती साफ असतं ते ऐकवलं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, पाच मिनटात घालतंय कॉम्प्युटरात," मी म्हटलं.

"नको."

त्यांनी खिशातून छिन्नी काढली. दुसऱ्या खिशातून हातोडी. म्हणजे माणूस तयारीनेच आला होता! उजवा हात बाहेर आला आणि थरथरायला लागला. दत्तूने परात दोन्ही हातांनी घट्ट धरली. बाबीने दत्तूला धरलं.

पहिला घाव जमिनीवर बसला. दुसरा दत्तूच्या अंगठ्यावर. दत्तूने आवाज काढला नाही, नुसते डोळे मिटले. अण्णांनी श्वास घेतला, छिन्नी टेकवली, ती सरकली, परत टेकवली, ती परत सरकली, आणि त्यांनी ठोकलं. टण्ण!

ठिपका पडला. खोल, गोल, स्वच्छ. अक्षरांपासून वीतभर लांब, पार परातीच्या काठाजवळ.

मीच भीत भीत विचारलं, "अण्णा, दुसरो मारूया?"

अण्णांनी परात उचलली, उजेडाकडे तिरकी धरली, एक डोळा बारीक करून बघितलं आणि काठाजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"थंयच होयो होतो," ते म्हणाले आणि बाकीच्या परातींकडे मान केली. "हाड दुसरी परात!"